आरोग्यसेविकेची स्वतःचीच तांबी काढून मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
कुटुंब कल्याण केंद्र, तळेआळी, अंबरनाथ.

विषय : अर्जदाराची तांबी (कॉपर-टी) काढणे व 'मनाचे खेळ' हा शेरा रद्द करणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराच्या कार्डावर अर्जदारानेच लिहिलेला 'तक्रार नाही' हा शेरा, दि. २ मे १९८८.

महोदय,

१. अर्जदार आपल्याच केंद्रातील आरोग्यसेविका असून, ३१ मार्च रोजी तांबीच्या उद्दिष्टाला एक केस कमी पडली तेव्हा तिने स्वतःलाच केस म्हणून हजर केले. आपण टाळ्या वाजवल्या होत्या. चहाही आला होता.

२. तेव्हापासून पाळी दहा-दहा दिवस चालते, ओटीपोटात कळा येतात आणि स्वभावाचे तर विचारूच नये. शेजारच्या वेणूवहिनी 'आज साडी छान आहे' म्हणाल्या, तर अर्जदार 'म्हणजे रोज नसते?' असे विचारून भांडली. पती श्री. शशिकांत कारखान्यातून आल्यावर आधी दारातूनच अर्जदाराचा चेहरा पाहतात आणि मग चपला काढायच्या की कोपऱ्यावर पान खायला जायचे, ते ठरवतात.

३. तपासणीची कार्डे अर्जदारच भरते. सबब तिने स्वतःला प्रश्न विचारले आणि सवयीने 'तक्रार नाही' असे लिहिले. लिहिताना ती रडत होती. शाई फुटली आहे, ती कृपया पाहावी.

४. गेल्या आठवड्यात आपणांस सांगितले असता, 'सिस्टर, मनाचे खेळ आहेत, पुढच्या मार्चनंतर बघू' असे उत्तर मिळाले. अर्जदारास राग आला नाही, लाज वाटली. हे वाक्य अर्जदाराचेच आहे. नऊ वर्षे ती ते बायकांना ऐकवत आली. मोरिवलीची काशी तांबी बसवल्यावर गेल्या वर्षी तीनदा चालत आली होती. "ताई, मना उगाच रडू येतं, पोरांवर हात उठतो," असे म्हणाली. अर्जदाराने लोहाच्या गोळ्या दिल्या व कार्डावर 'मनाचे खेळ' असे लिहिले. चौथ्यांदा काशी आली नाही. ती बरी झाली, असा अर्थ अर्जदाराने लावला.

५. तरी विनंती की, काशीची इच्छा असल्यास तिची तांबी आधी काढावी, अर्जदाराची नंतर. उद्दिष्टपूर्तीचा आकडा दोनने घटेल याची जाणीव आहे. काशीसाठी हा निरोप घेऊन अर्जदार स्वतः मोरिवलीस जाईल. काशीने दार उघडले नाही, तर ओट्यावर बसून राहील.

आपली, तूर्त न रडता सही करणारी,
सौ. मालिनी शशिकांत गुप्ते
कात्रप, बदलापूर (पूर्व)
दि. २० जून १९८८

सोबत :
१) अर्जदाराचे कार्ड.
२) काशीचे कार्ड. त्यावरील 'मनाचे खेळ' खोडून 'खरे सांगत होती' असे लिहिले आहे.