गांडुळवाली दहा माणसं

ती. आई,
तुझ्या पायांवर डोकं.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा काय म्हणतो?

माझी नोकरी राहणार का, ते या आठवड्यात कळेल. कोणाच्या शोधनिबंधाचा किती जणांनी संदर्भ दिला, एवढंच साहेब मोजतात. शेजारच्या खोलीतला हृदयावर काम करतो, त्याचे हजार. माझे नऊ. अगं, गांडुळांवर काम करणारी माणसंच जगात दहा! नऊ जणांनी दिला, दहावी मीच. साहेबांना हे सांगितलं, तर नुसते हसले.

आज तो हृदयवाला माझ्या टेबलाची लांबी मोजून गेला. का, ते विचारायचा धीर झाला नाही. तेव्हापासून दार वाजलं तरी दचकते.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. माझी खोली मात्र झाडून ठेव, आपली सहजच.

तुझी धाकटी