तळ्यातला पहिलवान

३ मार्च
बायको लेकीकडे गेली. सहा आठवडे. घरामागचं तळं आणि तिचे चारशे सायप्रिनस मासे आता माझ्या ताब्यात. खाद्याच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून गेली आहे: खाद्य दोन वेळा, बाहेरचा मासा आणायचा नाही, बाकी काही करायचं नाही. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. बत्तीस वर्षं ऑफिस सांभाळलेल्या माणसाला ही सूचना. असो.

५ मार्च
सकाळी खाद्य, दहा मिनिटं. संध्याकाळी खाद्य, दहा मिनिटं. कर्तृत्वाला वाव नाही.

९ मार्च
शेजारच्या तळेवाल्याकडे चहा. गेल्या साली व्हायरसने त्याचे सगळे मासे मेले, एक सोडून. तो एक पाहिला. हातभर लांब, चालीत मस्ती. व्हायरसला पुरून उरलेला गडी! याच्या संगतीत आपले चारशेही दणकट होतील. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागतोच. तळेवाल्याने फुकट दिला. जरा जास्तच पटकन दिला, पण माणूस दिलदार.
नाव ठेवलं पहिलवान. दोन्ही तळ्यांची भिंत एकच, तेव्हा त्याला बाहेरचा म्हणता येणार नाही.

१० मार्च
माशांच्या डॉक्टरांना सहज फोन केला. म्हणाले, वाचलेला मासा दिसतो ठणठणीत, पण व्हायरस अंगात घेऊन फिरतो; निदान महिनाभर वेगळा ठेवा आणि मला दाखवा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. तरी शिस्त म्हणजे शिस्त. पहिलवान महिनाभर टबात.

१३ मार्च
पहिलवान टबात उदास दिसत होता. शिवाय टब मला लागत होता. तळ्यात सोडला. कपडे भिजत घातले.

२० मार्च
बायकोचा फोन. ठकी खाते का, हा पहिला प्रश्न. ठकी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली मासोळी. हिच्या हातातूनच खाते. माझी चौकशी नंतर. पहिलवानाचं बोललो नाही. सरप्राइज.

२९ मार्च
ऊन वाढलं, पाणी कोमट. सात-आठ मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. मला ओळखू लागले असावेत.

३१ मार्च
अकरा मेले. कल्ल्यांवर पांढरे चट्टे. बहुधा अपचन. उद्यापासून खाद्य निम्मं.

२ एप्रिल
सत्तर. डॉक्टर आले. कल्ले पाहिले, मग पहिलवानाकडे बोट दाखवून हा कुठला म्हणून विचारलं. मी भिंतीचा मुद्दा मांडला. म्हणाले, पाणी कोमट झालं की हा व्हायरस उठतो आणि त्यावर औषध नाही. लॅबसाठी नमुने घेतले. व्हिटॅमिन देऊन पाहू का, विचारलं. तोवर ते गाडीत बसले होते.

६ एप्रिल
ठकी गेली. काठाशी सापडली. हातात घेऊन बराच वेळ बसलो. वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. पेरूखाली पुरली.
फोनवर बायकोला म्हटलं, ठकी शांत आहे.

१२ एप्रिल
आजची मोजणी: पहिलवान. त्याची भूक उत्तम.

१४ एप्रिल
बायको आली. बॅग हातात तशीच घेऊन तळ्यावर गेली, मुठीत खाद्य घेऊन पाण्यात हात धरला. पहिलवान आला, खाऊन गेला. भिंतीचा मुद्दा मांडणार होतो, जमलं नाही. ठकीला कुठे पुरलं, एवढंच तिने विचारलं. दाखवलं. तिथे बसून रडली. मी बाजूला उभा राहिलो.

२१ एप्रिल
लॅबचा रिपोर्ट आला. व्हायरसच. पहिलवानाच्याही अंगात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तळं उपसलं, पहिलवानही गेला, तळाला चुना पसरला. तीन महिने मासे नाहीत.

२३ एप्रिल
बायको आठ दिवसांसाठी पुन्हा लेकीकडे. निघताना म्हणाली, तळ्याकडे लक्ष ठेवा. म्हणजे विश्वास शाबूत आहे. या वेळी चिठ्ठीसुद्धा नाही.
सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं चुना बघून येतो.