हातावर टेकवलेला कान

तीर्थरूप आईंना,

सुनेचा इथूनच वाकून नमस्कार. गुडघ्याला तेल लावता ना, की माझ्या नावानं बोटं मोडण्यातच दिवस जातो? मी वेळेवर जेवते, काळजी नको.

डायलिसिसच्या नर्सची परीक्षा पास झाले. पण फजिती ऐका. सुई टोचण्याआधी पेशंटच्या हातातली शीर ऐकायची असते, भुंग्यासारखी गुणगुण आली की रक्त नीट वाहतंय. मी गळ्यातली ऐकायची नळी, स्टेथोस्कोप, विसरले आणि सरळ त्या आजोबांच्या हातावर कान टेकवला, तुमच्या लेकाच्या डायलिसिसच्या हाताला रोज सकाळी लावायचे तसा.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "नळी काय दागिना म्हणून घातलीस, बाई?"

सगळे हसले, मीही हसले. पण कान काही उचलवेना.

आजोबांनी विचारलं, "येतंय का गं ऐकू?"

आई, हे गेले त्या सकाळी तुम्हीही दारातून हेच विचारलं होतंत. मी दोनदा कान लावून पाहिला, आणि तुम्हाला काही सांगू शकले नाही.

आजोबांना म्हटलं, "येतंय हो. छान येतंय."

तुमचीच,
आगाऊ सून