दोन टीबीचा सूड

३ जून
आज मेहुण्यानं भर जेवणात माझा अपमान केला. लेक आर्किटेक्चरला युनिव्हर्सिटीत चालली आहे, म्हणून लॅपटॉपचा विषय निघाला. मी म्हटलं, स्टोरेज भरपूर हवं, मोठी हार्ड डिस्क घेऊ. हा हसला. म्हणे, "भावजी, हार्ड डिस्क आता कोण घेतं? पाचशे बारा जीबीची एसएसडी घ्या. जागा कमी, पण पळते." बायको हसली. लेकही.
बावीस वर्षं ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळतोय मी. साठवण म्हणजे काय, हे मला लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस शिकवणार! सूड घेणार. शांतपणे घेणार.

६ जून
शांत राहणं जमत नाहीये. दुकानदारही एसएसडीच घ्या म्हणाला. मेहुण्यानं आधीच फोन केलेला असणार. दुकान बदललं.

९ जून, संध्याकाळ
मिळाला लॅपटॉप! दोन टीबी हार्ड डिस्क. मेहुण्याच्या चौपट. दुकानातला म्हणाला, "शेवटचा पीस आहे." चांगल्या वस्तू संपतातच. बायकोनं विचारलं, पोरीला विचारलंत का? सरप्राइजमध्ये विचारायचं नसतं.

१० जून
मेहुण्याला मुद्दाम बोलावलं. सगळ्यांसमोर बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. मेहुणा पूर्ण पेपर वाचून झाला, तरी गोल फिरतच. मी म्हटलं, मोठं गोदाम उघडायला वेळ लागतोच. त्यानं पेपर उलटून पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केला. किती उद्धट!

१४ जून
प्रवेश पक्का व्हायला वीस तारखेपर्यंत बारा ड्रॉइंग्ज पाठवायची आहेत. लेकीनं जुन्या कॉम्प्युटरवरची सगळी कामं नव्या लॅपटॉपमध्ये हलवली आणि मग तो कॉम्प्युटर आम्ही देऊन टाकला. (कल्पना माझी.) सॉफ्टवेअर उघडायला अकरा मिनिटं लागतात. तेवढ्यात ती केस विंचरते. मी म्हटलं, बघ, वेळेचा सदुपयोग. तिनं कंगवा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

१६ जून
शेजाऱ्यांना दोन टीबी दाखवायला लॅपटॉप चालू असतानाच उचलून नेत होतो. उंबऱ्याला पाय अडखळला. लॅपटॉपला ओरखडाही नाही. फक्त आतून टक् टक् आवाज येतो. चालू होत नाही.
लेकीला सांगितलं. ती रडली नाही. खोलीत गेली, दार लावलं. रडली असती तर बरं झालं असतं.

१७ जून
सकाळी बायको म्हणाली, "तुम्ही फोन करता की मी करू?" मीच केला. मेहुणा कामावरून तसाच आला, हाताला ग्रीस. सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, "पडल्यावर कितीदा चालू करून पाहिलात?" मी म्हटलं, दोनदा. (पंधरा वेळा.) डिस्क काढून ओळखीच्या माणसाकडे घेऊन गेला.
टोमणा नाही. एकही नाही. उत्तरं तयार होती माझी, सगळी वाया.

१९ जून
बारांपैकी नऊ ड्रॉइंग्ज मिळाली. मेहुण्यानं लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवली. उरलेली तीन लेक पुन्हा काढते आहे, तो शेजारी बसून तिला मापं वाचून दाखवतो. मी दारात उभा राहिलो. लेक म्हणाली, "बाबा, उजेड अडतोय."

२० जून
पाठवली. मुदत संपायला चाळीस मिनिटं होती.

२ जुलै
प्रवेश पक्का. आज तिला होस्टेलवर सोडलं. मामाच्या गळ्यात पडली, मग माझ्या. माझ्या जरा जास्त वेळ, असं मला वाटतं. मी मोजलं नाही.
परतताना गाडीत दोघंच. मेहुणा चालवत होता. थँक यू म्हणायचंच, असं ठरवलं होतं. घसा साफ केला. तोंडातून निघालं, "जरा हळू चालव."
त्यानं वेग कमी केला.