एकटीपुरती डाळ

४ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्याशी खोटं बोललेलं मला पचत नाही. गेल्या आठवड्यात तपासणीसाठी पुलाखाली दोरावर लटकले असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हातोडी नदीत गेली. वर उभ्या असलेल्या कामावरच्या जोडीदारानं मला ओढून घेतलं, म्हणून आज हे पत्र. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. गोळ्या दिल्या आणि बजावलं, की मेच्या मध्यापर्यंत अकराच्या वर गेलं नाही तर दोर कायमचा बंद. मग ऑफिसात बसून दुसऱ्यांचे अहवाल टाइप करायचे.

आत्या, पुलाच्या पोटाखाली हातोडीनं ठोकत जाणं, पोकळ आवाज आला की तिथे खडूनं गोल काढणं, ह्याखेरीज मला दुसरं काही धड येत नाही आणि आवडतही नाही. टेबलाशी बसवलं तर मी वाळून जाईन.

दोष माझाच. दहा महिन्यांचा दौरा, दर पंधरा दिवसांनी नवं गाव आणि नवी लॉज. सकाळी चहा-पाव, दुपारी चहा-पाव, रात्री तेलात पोहणारं काहीतरी. चांगलं खायचं तर भत्ता पुरत नाही, आणि भत्त्यात बसतं ते अंगी लागत नाही. आता एक विजेची शेगडी आणि छोटं पातेलं घेतलंय. खिडकी उघडी ठेवायच्या बोलीवर लॉजवाल्यानं परवानगी दिली. पुढचं तू सांग. एकतीस वर्षं वसतिगृहात दोनशे मुलींना जेवू घातलंस, एका भाचीचं काय अवघड?

बाबांना कळवू नकोस. तुझा भाऊ पहिल्या गाडीनं मला घरी न्यायला येईल.

लोभ आहेच, तो माझ्या रक्तासारखा घसरू देऊ नकोस.

तुझी,
खार


११ फेब्रुवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी देवापुढे दिवा लावला, मग राग आला. लहानपणी प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर तूच, म्हणून तुला खार म्हणायला लागलो. पण खारसुद्धा दिवसभर काहीतरी कुरतडत असते गं! तुझं म्हणजे खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी.

आता नीट वाच. नव्या गावात शिरलीस की सामान टाकून आधी बाजारात चक्कर मार. ज्या पालेभाजीचा ढीग सगळ्यात मोठा, ती तिथे सगळ्यात ताजी आणि स्वस्त. ओळखीची नसेल तर विकणारीलाच विचार, शिजवायची कशी तेही ती हौसेनं सांगेल. डाळ, शेंगदाणे आणि गूळ ह्यांच्या पिशव्या कायम सामानात ठेव. अंडी मिळतील तिथे घे. जेवताना लिंबू पिळ. आणि जेवणाच्या मागेपुढे तासभर चहाला शिवू नकोस, चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळ्या चुकवू नकोस.

डाळ अशी कर: उकळी आली की चिरलेला पाला घाल, घट्ट झाकण ठेव आणि शेगडी बंद कर. आतल्या वाफेवर अर्ध्या तासात लोण्यासारखी होते. माझी डाळ एकतीस वर्षांत एकदाही कच्ची राहिली नाही. दोनशे जणींना मीठ दोन ओंजळी लागायचं, त्यावरून तू तुझा हिशेब कर.

भावाला सांगत नाही, पण पत्र वेळेवर आलं नाही तर सांगेन. जपून राहा आणि आत्येवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


२४ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

बाजाराचं तुझं म्हणणं सोळा आणे खरं. नाव न कळलेली एक भाजी मी आठवडाभर खाल्ली आणि विकणारी बाई आता मला लांबूनच हाक मारते. चहाचं मात्र जिवावर येतंय.

पण डाळीनं घात केला. तीन दिवस तुझ्या रीतीनं केली आणि तिन्ही दिवस दातांखाली खडे. मला वाटलं, ह्या गावची डाळच हट्टी. चौथ्या दिवशी पोट असं बिघडलं की दोन दिवस कामावर गेले नाही. जोडीदारानं पातेल्याचं झाकण उचलून बघितलं आणि विचारलं, की आत्येचं पातेलं केवढं होतं. मी सांगितलं, आत माणूस बसेल एवढं. तो हसत सुटला. म्हणाला, ते पातेलं दोन तास गरम राहत असेल, हे दहा मिनिटांत गार होतं.

मलाही हसू आलं, पण मग मी हिशेब केला. तुला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. ह्या दोन वर्षांत एकदा जरी छोट्या पातेल्यात अशी डाळ केली असतीस, तर हे तुला कळलं असतं.

काल संध्याकाळी तू काय जेवलीस? एवढंच कळव.

माया घट्टच आहे, डाळीसारखी नाही.

तुझी,
खार


२ मार्च

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी, कान पकडते. शेगडी चालूच ठेव आणि दाणा बोटांत चिरडेपर्यंत शिजव. पोट ठीक होईपर्यंत मऊ भात खा. शेजारच्या शिंपीणबाईंची मुलगी परीक्षेत पहिली आली. नळ दुरुस्त झाला. इकडे थंडी ओसरली. माझं काय विचारतेस, म्हाताऱ्या माणसाला लागतं किती? तू आपल्या अकराकडे लक्ष दे.

पत्र पाठवत जा, मी वाट बघते.

तुझी,
आत्या


२१ मार्च

तीर्थरूप आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

हिमोग्लोबिन साडेनऊ झालं. आता डाळीला थर्मास वापरते. भिजवलेली मसूर दहा मिनिटं उकळून त्यात भरली की कामावरून येईपर्यंत मऊ आणि गरम. दोर अजून बंदच. वरून इतरांचा दोर धरते आणि जीव तुटतो.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. नळ आला, शिंपीण आली, थंडीही आली. जेवण कुठेच नाही. माझं कामच ठोकून आवाज ऐकण्याचं आहे, आत्या. ‘म्हाताऱ्या माणसाला लागतं किती’ ह्या तुझ्या ओळीवर ठोकलं आणि पोकळ वाजलं.

रागावलीस तरी चालेल, पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! म्हणून ही अट. तू रक्त तपासून आकडा कळवेपर्यंत मी चहा सोडणार नाही. जेवताना, जेवणाआधी आणि जेवणानंतरही पिईन. मग मेमध्ये काय व्हायचं ते होऊ दे.

हट्टी आहे, पण तुझीच आहे, पदरात घे.

खार


९ एप्रिल

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद.

धमकी देतेस होय गं कार्टे? ठेव तो कप खाली. आकडा कळवते: सात पूर्णांक नऊ. तुझ्याहून खाली. डॉक्टरांनी मलाही गोळ्या दिल्या आणि वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आता खरं लिहिते. वसतिगृहात मी शेवटी जेवायची, उभ्यानं, पातेल्याच्या तळाशी उरलेलं. एकतीस वर्षं स्वतःसाठी ताट वाढून घेतलं नाही. घरी आले तर एकटीपुरतं जमेचना. पहिल्या आठवड्यात केलेला भात तीन दिवस पुरला, मग टाकून दिला आणि लाज वाटली. तेव्हापासून चहा-बिस्किटांवर भागवत होते. कोणाला सांगणार? दोनशे जणींची अन्नपूर्णा आणि स्वतःचा भात येत नाही! तू विचारलंस तेव्हा रडू आलं.

परवा वाटीनं मोजून डाळ लावली. पहिली करपली, दुसरी खारट झाली. तिसरी जमली. खुर्ची ओढून, बसून, गरम गरम खाल्ली. बरी होती गं.

आता तू अकरा गाठ. मीही तुझ्या मागे येतेच आहे.

तुझी,
आत्या


१६ मे

तीर्थरूप आत्येस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा पूर्णांक दोन! डॉक्टरीणबाईंनी कागदावर सही केली आणि आज दुपारी मी पुन्हा पुलाखाली उतरले. पहिला ठोका मारला आणि कान लावून आवाज ऐकला. सतरा गोल काढले.

तुझ्या परवाच्या पत्रातला दहाचा आकडा वाचून जोडीदारानं आणि मी लॉजच्या गच्चीवर नाच केला. लॉजवाला विचारत होता, की कोणाचं लग्न ठरलं.

पुढच्या गावी पूल मोठा आहे, दीड महिना मुक्काम. तिथली खोली मी दोन खाटांची घेतली आहे. खिडकी बाजारावर उघडते म्हणे. मला एकटीपुरतं शिजवता येतं, तुलाही आता येतं. दोघींचं प्रमाण मात्र आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. सोमवारी सकाळच्या गाडीनं निघ. मी स्टेशनवर उभी असेन.

तुझी,
खार