अमेरिकेचा मार्ग विचाराधीन

३ जानेवारी १९८३
नवी डायरी. ऑफिसची, पण वापर खासगी.
कलाचं पत्र. न्यू जर्सीहून. पोरगी मेअखेर बाळंत होणार! मी आजोबा! पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला तिकडच्या दवाखान्यातल्या नोकरीतून इतकी रजा नाही. तेव्हा माहेरानेच अमेरिकेला यावं असं तिचं म्हणणं. माहेर म्हणजे मी आणि ही. खाली जावईबापूंच्या दोन ओळी: पासपोर्ट लगेच काढा, आणि कुठल्या कंपनीच्या विमानाने, मध्ये कुठे विमान बदलून यायचं ते १५ फेब्रुवारीपर्यंत कळवा. तिकिटं ते पाठवणार.
पासपोर्टचं काय, फॉर्म भरला की झालं. खरं डोक्याचं काम दुसरं. संकल्प: आठ दिवसांत कंपनी आणि मधला विमानतळ पक्का.

९ जानेवारी, रविवार
सहा विमान कंपन्यांच्या मुंबई ऑफिसांना पत्रं लिहिली. प्रत्येकावर जावक क्रमांक. हिने विचारलं, पासपोर्टचा फॉर्म? म्हटलं, विमल, कामं क्रमाने होतात.

२२ जानेवारी
वेळापत्रकं आली! काय तो कागद, काय ते रंग! आमचा शिपाई भिकन, घोटीचा, एकावरून बोट फिरवून म्हणाला, लय गुळगुळीत हाय साहेब. दिवसभर दुसरं काम झालं नाही. व्हायला नकोच होतं.
प्राथमिक छाननी:
लंडन. धुकं. बाद.
फ्रँकफर्ट. विमानतळ अवाढव्य. आपल्या सीबीएसच्या एसटी स्टँडवर माणसं चुकतात. बाद.
पॅरिस. सगळे फ्रेंच बोलतात. पेन्सिलीने फुली.
आपलं एअर इंडिया. लंडनला थोडं थांबतं आणि तेच विमान पुढे न्यूयॉर्कला जातं. बदलायचंच नाही. मग माणसाने निवडायचं काय? मागे ठेवलं.

३० जानेवारी
शेजारच्या झुंबरबाई प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांच्याकडून जगाचा नकाशा आणला. दोरा लावून मोजलं. कुठल्याही विमानतळावरून निघा, पुढे अटलांटिक आहेच, आणि मध्ये टेकायला जागा नाही. छपाईची चूक असेल म्हणून दुसरा नकाशा पाहिला. तोही तसाच.
वर कोपऱ्यात आइसलँड नावाचं बेट सापडलं. तिथे थांबणारं विमान आहे का, चौकशी केली पाहिजे.
पोट बिघडलं. भरीत तिखट झालं होतं.

१२ फेब्रुवारी
सरकारी नोकराला पासपोर्टसाठी ऑफिसचं ना हरकत पत्र लागतं. ते अर्ज माझ्याच टेबलावर येतात. बावीस वर्षांत एकही अर्ज मी शेरा मारल्याशिवाय पुढे सोडलेला नाही. सगळं नाशिक रोड हे जाणून आहे. आज स्वतःचा अर्ज लिहिला, शिक्का मारला, आवकमध्ये घेतला आणि स्वतःसमोर ठेवला.
तसाच पुढे पाठवला असता तर लोक काय म्हणाले असते? शेरा मारला: "प्रवासाचा मार्ग व मधला विमानतळ नमूद नाही. पूर्तता करून फेरसादर करावा."
स्वतःच्या सचोटीने भरून आलं. घरी येताना जिलबी आणली.

१५ फेब्रुवारी
जावईबापूंना कळवलं: मार्ग विचाराधीन. शेऱ्याला मीच उत्तर दिलं: मार्ग विचाराधीन. दोन्ही पत्रांच्या प्रती फाइलला.

२७ फेब्रुवारी, रविवार
विहारात वंदना झाल्यावर लोकांनी आग्रह केला (कॉलनीतल्या निवृत्ती दोंद्यांनी विचारलं, कसं काय चाललंय), म्हणून युरोपातल्या विमानतळांवर चार शब्द बोललो. सव्वा तास झाला. शेवटपर्यंत अकरा जण होते. आता कॉलनीत मला विमानवाले पगारे म्हणतात. देवळ्याचा एक कांद्याचा व्यापारी खास भेटायला आला, त्याच्या मेहुण्याला कुवेतला जायचंय. त्याला रोमची शिफारस केली. उलट्या दिशेला पडतं म्हणाला. म्हटलं, सोय बघावी माणसाने, दिशा नव्हे.

६ मार्च
ही काहीतरी सांगत होती. मी झुरिकच्या पानावर होतो. हूं म्हटलं. दोन कागदांवर सही मागितली, केली. महिला मंडळाचं असेल. फोटोही काढून आलीय. बरा आलाय.

१७ मार्च
ऑफिसातून आलो तर हवालदार आमच्याकडे चहा पिऊन निघालेला. चौकशीला आला होता, असं ही म्हणाली. दोंद्यांची सायकल चोरीला गेलीय, त्याचंच असणार. पोलीस इतके तत्पर झाले, छान वाटलं.
ना हरकतीबाबत स्वतःला स्मरणपत्र क्र. १ काढलं.

२ एप्रिल
ठरलं! अ‍ॅमस्टरडॅम! सुटसुटीत विमानतळ, सज्जन लोक, दुधदुभतं मुबलक. सबंध कॉलनीला सांगितलं. हिला म्हटलं, लाडूचा डिंक आण. आणलाच आहे म्हणाली.

३ एप्रिल
अ‍ॅमस्टरडॅम बाद. झुंबरबाईंच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की तिथली जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. म्हणजे विमान आधी जमिनीपर्यंत उतरणार आणि मग आणखी खाली! असल्या गोष्टी वेळापत्रकात छापत नाहीत.
पोट पुन्हा तसंच. आज भरीत नव्हतं.

११ एप्रिल
जावईबापूंचं चौथं पत्र. आता फक्त 'कृपया' एवढंच आणि खाली सही. तरुण माणसांना धीर नसतो.

२४ एप्रिल, रविवार
जेवताना हिने ताटाशेजारी एक निळं पुस्तक ठेवलं. पासपोर्ट. विमल सावळीराम पगारे. आत अमेरिकेचा व्हिसा! म्हटलं, हे कधी? म्हणाली, सांगितलं होतं की. सहीच्या वेळी, फोटोच्या वेळी, हवालदार आला तेव्हा, आणि परवा झुंबरबाईंबरोबर मुंबईला गेले तेव्हाही. तुम्ही हूं म्हणालात.
तिला ना हरकत लागत नाही. ती सरकारी नाही.
तिचं तिकीटही निघालंय. चौदा मे. व्हाया फ्रँकफर्ट!
ठीक आहे. उद्या सकाळी माझा शेरा मी स्वतः काढून टाकतो. पुढे पासपोर्टला दोन आठवडे पुष्कळ झाले.

२५ एप्रिल
अर्ज टेबलावर नाही. रावजी, माझ्या हाताखालचा, म्हणाला की तो दप्तरी दाखल केला. साठ दिवसांत पूर्तता न झालेले अर्ज बंद करावेत, अशी सूचना आहे म्हणे. कोणाची सूचना? तर माझीच, १९७९ ची. माझीच सही, तीही लाल शाईत.
कोणावर ओरडावं कळेना. शेवटी रावजीला शाबासकी दिली.
आता नवा अर्ज, मग वरच्या ऑफिसची मंजुरी, मग पासपोर्ट. जुलै उजाडणार. साहेब म्हणाले, निकड असेल तर मी आजच वर फोन करतो, आठवड्यात पत्र आणून देतो. म्हटलं, नको साहेब, माझ्यासाठी नियम वाकवू नका.
आज पोट एकदम साफ. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

८ मे
हिच्यासाठी चौदा पानी सूचनापत्र तयार केलं. फ्रँकफर्टला उतरल्यावर डावीकडे की उजवीकडे, कोणाला काय विचारायचं, सगळं. तिने चाळलं आणि वजन होईल म्हणाली. पेटीत डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा, दुपट्याला जुनी मऊ लुगडी. झुंबरबाईंनी तिच्याकडून इंग्रजीतली सहा वाक्यं पाठ करून घेतलीयत. सहावं वाक्य: माझी मुलगी वाट बघतेय.
मी म्हटलं, जरा चूक झाली तर थेट भलत्याच देशात जाशील. म्हणाली, तिथेही माणसंच असतील ना.

१४ मे, मुंबई
काल कुर्ल्याला साडूंकडे उतरलो. आज सकाळी विमानतळ. चार महिने अभ्यास असूनही दार कुठलं ते हिनेच विचारून घेतलं. मी पेटी धरून होतो.
आत जायच्या आधी हिने माझी कॉलर नीट केली. मी म्हणत होतो, ऑफिसचा घोळ झाला, नाहीतर आपण दोघं गेलो असतो. रावजीचं, १९७९ च्या सूचनेचं, वरच्या ऑफिसचं सगळं पुन्हा सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भीती वाटते असं एकदा म्हणाला असतात, तर मी हात धरून नेलं असतं."
आणि गेली. दाराशी वळून पाहिलं, मग आत.
भीती कसली? मला? बाईमाणूस निघताना काहीही बोलतं. विमान सुटेपर्यंत कुंपणाशी थांबलो. साडूंना बोइंगचं वजन, पंखांची लांबी वगैरे माहिती दिली.

१६ मे
तार. आई सुखरूप पोचली. फ्रँकफर्टला काहीच अडचण आली नाही.
भात करपला.

२९ मे, रविवार
तार. मुलगी झाली! दोघी छान आहेत. आई दिवसरात्र जवळ होती.
दुपारी कॉलनीभर बर्फी वाटली. काय तो आनंद! प्रत्येक दारात तोच प्रश्न, तुम्ही कसे नाही गेलात? प्रत्येक दारात सांगितलं, ना हरकत पत्र आलं नाही. झुंबरबाईंनी काही विचारलं नाही. बर्फी घेतली आणि आज आमच्याकडे जेवा म्हणाल्या.
ही डायरी कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी कुंपणाशी साडूंना माहिती देता देता विमान धावायला लागलं, तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा आभाळ रिकामं होतं. विमल गेली ते मी पाहिलंच नाही.