काळी, पण कडू नाही

सौंदड
रविवार, दुपार

प्रिय नूतन,

हातात फोन असताना आई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक. आणि मला जे सांगायचं आहे ते ऐकताना तू मध्येच रडू लागलीस तर माझं सगळं राहून जाईल, हे दुसरं. शिवाय जन्मभर शाळेतल्या पोरांकडून पत्रं लिहून घेतली, एक आपल्या पोरीलाही लिहावं म्हटलं. घरी सगळं ठीक आहे. धान चुरून मळणी झाली. बाबा रोज खरेदी केंद्रावर नंबर लावून बसतात आणि संध्याकाळी तिथल्या गप्पा घेऊन येतात. अंगणात तणसाचा ढीग पडला आहे आणि शेजारच्या देवकाबाईंच्या कोंबड्यांनी तो स्वतःच्या नावावर करून घेतला आहे.

तर बातमी अशी की तुझी आई बिअर प्याली. एकदा नाही. ठसका लागला असेल तर आधी पाणी पी आणि मग पुढचं वाच.

त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, बिअरच्या कारखान्याच्या मालकांनी वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. गिऱ्हाईक तुझ्या काळ्या बिअरचा एक घोट घेतात, जळकट कडू लागते म्हणतात आणि ग्लास परत पाठवतात. हे असंच चाललं तर काळी बंद, आणि त्या टाकीत दुसरं कोणी गव्हाची बिअर लावणार. मग एका दमात तू म्हणालीस की आई, मी परत येते, तिरोड्याच्या स्थळाला हो म्हणून कळवून टाक. नूतन, याच वाक्यासाठी मी तीन वर्षं तुझ्या मागे लागले होते. हेमेंद्र चांगला मुलगा आहे, बँकेत आहे, शांत आहे, त्याच्या आईचं आणि माझं जमतं. मला आनंद व्हायला हवा होता. फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं. तो हो म्हणणाऱ्या मुलीचा आवाज नव्हता.

मग मला दुसरं काही सुचेना. माझ्या पोरीला हरवणारी ही कडू चव असते तरी कशी? आपण इतकी वर्षं तुझ्या नोकरीवर भांडलो, पण तू बनवतेस काय ते मी कधी जिभेवर ठेवलं नव्हतं.

तू भुपेंद्रमामाजवळ बर्फाच्या डब्यात घालून दिलेली बाटली त्याच्या फ्रिजमध्ये तशीच पडली होती. मी ती मागवली. मामा हसून हसून बेजार. "ताई, तू कायले पिऊन राहिली वं? शाळेतल्या पोट्ट्याइले समजलं म्हणजे?" मी म्हटलं, तू आण, उपदेश नंतर कर. मागच्या पडवीत बसून स्टीलच्या वाटीत थोडी ओतली. फेस छान आला. वास आला तो कुकरच्या तळाला लागलेल्या भाताचा. घोट घेतला आणि तोंड असं झालं की मामानं घाईघाईनं गुळाचा खडा पुढे केला. खरं सांगते, रागावू नको, मला ती नाही आवडली. पण गंमत म्हणजे घोट उतरल्यावर, कडूपणाच्या मागे, कुठेतरी काहीतरी गोडसर होतं. ते काय होतं हे मला कळेना, आणि न कळलेलं सोडून देणं माझ्या स्वभावात नाही, ते तुला ठाऊक आहे.

मग मामाला गोंदियाला पाठवलं. म्हटलं, काळी पण सौम्य अशी दुसरी मिळते का बघ. दुकानदार त्याला म्हणाला, "काली? अरे भैया, काली तो रम होती है, बियर तो पीली ही आती है." शेवटी ट्रॅक्टरच्या सामानासाठी मामा नागपूरला गेला तेव्हा तिथून वेगवेगळ्या बाटल्या घेऊन आला. घरी सांगितलं की ताईला गुडघ्यासाठी तेल हवं होतं. आता त्याची बायको रोज माझ्या गुडघ्याची चौकशी करते.

पहिली तुझ्या बिअरसारखीच निघाली, कोऱ्या कॉफीत कोळसा विरघळवल्यासारखी. दुसरी इतकी गोड की बासुंदीला राग यावा. तिसरी ओतली आणि मी वाटी उन्हात धरली. काळी नव्हतीच ती, कोऱ्या चहासारखी तांबूस होती. लेबलावर डुंकेल असं काहीतरी जर्मन नाव. नूतन, काय सांगू! तव्यावरून काढलेल्या भाकरीचा पापुद्रा आपण नुसताच खातो ना, तशी चव. कडू अगदी नावापुरती. घशाखाली कधी गेली समजलंच नाही. मामा म्हणाला, ही तांबूस आहे म्हणून गोड, काळी असती तर कडूच असती. मलाही ते पटलं. आणि मग शेवटची बाटली उघडली तर ती काळीकुट्ट, तुझ्या बिअरहून काळी, आणि तरी हलकी, मऊ, जळकटपणाचा मागमूस नाही.  काळं म्हणजे कडू, हे आम्ही कुणालाही न विचारता धरून चाललो होतो.

आता हे असं का, याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना. तू म्हणायचीस की बिअर म्हणजे मोड आणलेलं धान्य. मोड आणणं आपल्याला काय नवीन? रोपांचे पऱ्हे टाकायला दरवर्षी आपण धान भिजवून पोत्यात दडपतोच. बिअरला लागतो तो जव मिळाला नाही, म्हणून मी धानालाच मोड आणले. ओलं पोतं बघून बाबा म्हणाले, "काऊन वं, यंदा उन्हाळी धान लावतो म्हणून कोणी सांगतलं तुले?" मी काहीतरी थाप मारली. मोड वाळवले आणि लाह्या भाजतो तसे गरम रेतीत सालासकट घातले. लाह्यांसाठी धान सालासकटच भाजतात, तेव्हा दुसरं काही डोक्यातही आलं नाही. काळे होईपर्यंत भाजले, पाण्यात उकळले आणि प्याले. अगं, तुझी बिअर परवडली! साल जळून नुसता धूर उतरला होता. दुसऱ्या खेपेला कांडून साल काढलं आणि फक्त भुरकट होईपर्यंत भाजलं. ते पाणी बाबांनी चहा समजून पिऊन टाकलं आणि वर विचारलं की आज चहात भाजलेला फुटाणा टाकला होता का.

म्हणजे कडूपणा सालात आणि घाईच्या जाळात असतो, असा शोध मी लावला. हसू नको. तू चार वर्षं शिकलीस ते तुला ठाऊक असणारच, मी आपली अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले आहे. आणि म्हणूनच मला पुढचा प्रश्न पडला. माझ्या पोरीला हे ठाऊक आहे, तर मग तिची बिअर कडू का?

त्यावर मी बरेच दिवस विचार केला. दिवाळीत तू बोलता बोलता म्हणाली होतीस, की तिथे सगळे पुरुष, आणि मऊ काही केलं की म्हणतात, बाईनं केली म्हणून गुळमट. हे मला आत्ता आठवलं. तू त्यांना दाखवायला जाळ वाढवत गेलीस का गं? माझा अंदाज चुकला असेल तर सोडून दे. पण ती शेवटची काळी बाटली ज्यानं कोणी बनवली त्याला कुणाला काही दाखवायचं नव्हतं, एवढं मला त्या चवीवरून कळलं. मऊ म्हणजे कमकुवत, हे तुला मी तर नाही शिकवलं.

नंतर मामानं तीच काळी पुन्हा आणली, आणि बाबांनी आम्हाला पकडलं ते त्या बाटलीवर. केंद्र लवकर बंद झालं, ते मागच्या दारानं आले आणि पडवीत बायको आणि साळा वाट्या घेऊन बसलेले. मामा तर उठून पळायच्या बेतात होता. बाबा पुढे आले. माझी वाटी उचलली, वास घेतला, घोट घेतला. हाच तो माणूस, ज्यानं तुझी नोकरी लागली तेव्हा महिनाभर अबोला धरला होता. वाटी खाली ठेवून म्हणाले, "नूतन असीच बनवते का?" मी म्हटलं, अजून नाही, बनवेल. तर म्हणाले, "मंग तिले वापस कायले बोलावून राहिली?" नंतर मात्र त्यांनाच भीती वाटली. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नको म्हणाले, असं स्थळ पुन्हा दारात येणार नाही. ती भीती मलाही आहे, खोटं कशाला बोलू. तुझं वय, लोकांची तोंडं, आमचं होत आलेलं म्हातारपण, हे सगळं मला दिसतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तिरोड्याचे लोक आज होकार घ्यायला येणार होते. काल सकाळी मी हेमेंद्रच्या आईला फोन केला. इतके दिवस आपण त्यांना 'फूड कंपनीत आहे' असं सांगत होतो. मी सरळ सांगितलं की माझी मुलगी बिअर बनवते, तिचं काम अजून तिच्या मनासारखं झालेलं नाही, आणि ते होईपर्यंत मी तिच्या वतीनं हो म्हणणार नाही.  त्या फक्त बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. परत करतील असं वाटत नाही. तुला हेमेंद्र खरंच आवडला असेल तर त्याचा नंबर तुझ्याकडे आहे, तू स्वतः त्याला फोन कर, मी हळद दळायला बसते. पण थकून म्हटलेलं हो मी पोचवणार नाही. तुला न विचारता केलं, त्याबद्दल भांडायचं असेल तर भांड, मी तयार आहे. त्याआधी टाकी रिकामी कर आणि तुला स्वतःला प्यावीशी वाटेल अशी लाव. ती खपली नाही, तर त्यानंतर घरी ये. तेव्हा मी स्टेशनवर घ्यायला येईन आणि लग्नाचं नावही काढणार नाही.

तुझीच,
आई